गाभण डुकरिणींच्या खाद्यातील कोंड्याची ऊर्जा कशी धरावी?

नमस्कार. भंडारा जिल्ह्यात माझ्याकडे लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या 14 माद्या असून मका महागल्यामुळे गाभण माद्यांच्या खाद्यात गव्हाचा आणि भाताचा कोंडा मिळून 40 टक्क्यांपर्यंत नेण्याचा माझा विचार आहे. अडचण ऊर्जेच्या हिशेबाची आहे. पशुखाद्यांच्या बहुतेक तक्त्यांत दिलेली पचनीय ऊर्जा वाढत्या डुकरांवरील चाचण्यांतून आलेली असते. प्रौढ मादीच्या मोठ्या आतड्यात मात्र तंतुमय भाग अधिक आंबतो, त्यामुळे तोच कोंडा तिला जास्त ऊर्जा देतो. फ्रान्समधील इन्रा या कृषी संशोधन संस्थेच्या तक्त्यांत म्हणूनच माद्यांसाठी वेगळे आकडे आहेत. आपल्याकडील कोंड्याला ते आकडे जसेच्या तसे लावावेत, की तंतूंच्या प्रमाणानुसार दुरुस्ती करावी?

भाताच्या कोंड्याबाबत गोंधळ अधिक आहे, कारण गिरणीतून थेट येणाऱ्या कोंड्यात तेल बरेच असते, तेल काढलेल्यात जेमतेम 1 टक्का उरते, आणि विक्रेता दोन्हींना नुसता ‘कोंडा’च म्हणतो. शिवाय तुसाची भेसळ असली तर सारा हिशेबच कोसळतो. तेलकट कोंडा पावसाळ्यात लवकर खवट होतो, ही धास्ती वेगळीच.

सध्या मी प्रत्येक मादीला रोज सुमारे 2.4 किलो खाद्य देतो. गाभणकाळाच्या 114 दिवसांपैकी शेवटच्या महिन्यात कोंडा कमी करून मका वाढवावा का, आणि अंगावरील चरबी पाहून खुराक ठरवताना आपण कोणता आकडा आधार मानता, हे अनुभवी पशुपालकांनी आणि पशुवैद्यकांनी कृपया सांगावे.