जिममध्ये सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं

प्रश्न: दादरची जिम, संध्याकाळी ७ ची वेळ. स्क्वॉट रॅक (खांद्यावर वजनाचा बार घेऊन उठाबशा काढायची चौकट) आरशासमोर, मागे दोघं-तिघं उभे. सेट अर्धवट सुटतो. काय करावं?

– मागचे तुम्हाला नाही, रॅक कधी रिकामा होतोय ते बघतायत. “दोन सेट राहिलेत” एवढं सांगून टाका. आरशात मागच्यांचे चेहरे शोधू नका. मान वळली की बार तिरका होतो. समोर पाच-सहा फुटांवर लादीचा एक सांधा धरा, नजर तिथेच. घाईत श्वास आधीच सुटतो आणि बसणं अर्धवट राहतं, म्हणून आठवडाभर १० किलो कमी लावा. सेफ्टी बार (वजन सुटलं तर अडवणारे रॅकचे आडवे दांडे) मात्र लावाच.

– कॉर्नेल विद्यापीठातला २००० सालचा प्रयोग बघा. ओशाळवाणा टी-शर्ट घातलेल्यांना वाटलं, खोलीतल्या निम्म्यांनी तो पाहिला. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांनी!

– जमलं तर दुपारी २ ते ४ जा. नाहीतर कोपऱ्यात एकच डंबेल छातीशी धरून गॉब्लेट स्क्वॉट, १० चे ३ सेट. रॅकची गरजच नाही.

– कुणी मोबाईलवर शूटिंग करत असेल तर मात्र हा मनाचा खेळ नव्हे. थेट मॅनेजरकडे जा, सीसीटीव्हीसाठी वेळ लिहून ठेवा.