विषय: 2001 ची धूळ आणि आरोग्य योजनेतील नावनोंदणी

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

11 सप्टेंबर 2001 रोजी माझे यजमान मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, ब्रॉडवेवरील एका कचेरीत सॉफ्टवेअरच्या कामावर होते. त्या दिवशी ते फेरीबोटीने कसेबसे घरी पोहोचले आणि आठवड्याभराने शेअर बाजार उघडला तेव्हा पुन्हा त्याच कचेरीत रुजू झाले. पुढे त्यांना सायनसचा आणि दम्याचा त्रास जडला. यंदा नव्या डॉक्टरांनी "तुम्ही तेव्हा कुठे होता?" असे विचारले, तेव्हा त्या हल्ल्यात कोसळलेल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या धुळीशी या आजारांचा संबंध असू शकतो, हे प्रथमच आमच्या ध्यानात आले. मात्र यजमानांचे म्हणणे असे, की त्या धुळीने आजारी पडलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना ढिगाऱ्यावर राबलेल्यांसाठी आहे, आपण त्यात वाटेकरी होऊ नये. कोणी नोंदणी केली असल्यास कृपया कळवावे.

– एक सभासद, जर्सी सिटी

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या यजमानांचा संकोच मला समजतो, कारण मीही तो अनेक वर्षे बाळगला. त्या दिवशी 343 अग्निशामकांसह 2,977 माणसे गेली आणि आपण धडधाकट घरी आलो. त्यानंतर स्वतःच्या खोकल्याविषयी बोलण्याची लाजच वाटे. पण कायद्याने आपल्याला वगळलेले नाही. जानेवारी 2011 मध्ये राष्ट्राध्यक्षांची सही झालेल्या झाड्रोगा कायद्यानुसार सुरू झालेल्या योजनेत बचावकार्य करणाऱ्यांबरोबरच त्या परिसरात राहणारे, नोकरी करणारे आणि शिकणारे लोकही येतात, आणि हा परिसर मॅनहॅटनमध्ये हाउस्टन रस्त्याच्या दक्षिणेकडचा सगळा भाग आहे. अर्जदाराचा व्हिसा कोणता, हे तिथे विचारात घेतले जात नाही. दमा आणि सायनसचा जुनाट विकार हे दोन्ही योजनेच्या यादीत आहेत, आणि आजाराचा त्या धुळीशी संबंध मान्य झाला की उपचारांचा खर्च योजना उचलते. 2015 मध्ये तिची मुदत 2090 पर्यंत वाढवली गेली. तेव्हा उशीर झाला असे मुळीच मानू नये.

आम्ही कचेरीत परतलो तो सोमवार, 17 सप्टेंबर, मला लख्ख आठवतो. ओल्या फडक्याने कीबोर्ड पुसला की फडके राखाडी होई, आणि दुपारपर्यंत कळांवर पुन्हा तोच थर बसलेला असे. ती साधी धूळ नव्हती. तिच्यात सिमेंट, काच आणि ॲस्बेस्टॉसचा भुगा होता, आणि ढिगाऱ्याखालची आग डिसेंबरपर्यंत धुमसत होती. दुसऱ्याच दिवशी सरकारी खात्याने हवा श्वासोच्छ्वासास सुरक्षित असल्याचे जाहीर केले आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवून खिडक्या उघडल्या. याचा राग मला अजूनही येतो, कारण असे ठामपणे सांगण्याइतकी माहिती हाती नव्हती, हे त्याच खात्याच्या तपासणीत 2003 मध्ये उघड झाले.

आता कामाचे. त्या वर्षीच्या पगाराच्या पावत्या शोधून ठेवाव्यात. कंपनी बंद झाली असल्यास शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याकडून लेखी प्रतिज्ञापत्र मागवावे. आपल्यातले काही जण पुण्याला परतले आहेत, त्यांचे पत्ते मी जपून ठेवले आहेत. नुकसानभरपाईचा निधी वेगळा असून त्याचा अर्जही वेगळा करावा लागतो; दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये.

येत्या रविवारी मी दिवसभर घरी आहे. यजमानांना घेऊन या, अर्ज मी स्वतः सोबत बसून भरून देईन.

– आपला, एक जुना सभासद