सेकंडहँड डी७२०० घेताना दुरुस्तीचा खर्च किती धरायचा?

रानपाखरू: नमस्कार मंडळी. मी चिपळूणचा. भावाच्या कॅमेऱ्यावर धनेश, खंड्या टिपायला शिकलो, आता स्वतःचा घ्यायचाय. गावातच एकांकडे निकॉन डी७२०० आणि १८-१४० मिमी लेन्स आहे. ३८ हजार सांगताहेत, शटर काउंट (आतापर्यंत काढलेले फोटो) ७५ हजार. घरचे म्हणतात, अजून थोडे घाल आणि नवा घे, वॉरंटी तरी मिळेल. जुना घेतला आणि वर्षभरात शटर गेलं तर काय, हीच धास्ती आहे.

जुना स्टुडिओ: शटरची धास्ती सगळेच घेतात, पण बिघाडांमध्ये तो सगळ्यांत सरळ. डी७२००चं शटर कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. ही हमी नव्हे. कुणाचं आधी जातं, कुणाचं पुढेही चालतं. पण गेलं तर एक युनिट बदलायचं असतं आणि त्याचा खर्च आधी विचारता येतो. पैसे देण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरला फोन करा. मजुरी आणि १८ टक्के जीएसटी धरून एस्टिमेट घ्या. मॉडेल २०१५चं आहे, तेव्हा पार्ट मिळतोय का हे आधी विचारा. निम्मं शटर वापरून झालंय, तर एस्टिमेटची निम्मी रक्कम विकणाऱ्याने सोडायलाच हवी.

मला काळजी वेगळीच वाटते. कॅमेरा चिपळूणचा आहे. २२ जुलै २०२१च्या पुरात तो कुठे होता, हे स्पष्ट विचारा. पाणी शिरलेला कॅमेरा वाळवला की कधी कधी चालूही होतो, पण आत सर्किटवर गंज चढत राहतो. मग बोर्ड बदला, म्हणजे व्यवहारच बुडाला. बॅटरीच्या कप्प्यातल्या पट्ट्या, वरचा हॉट-शू (फ्लॅश बसवायची खाच), तळाचे स्क्रू नीट बघा. हिरवट पूड किंवा तांबेरा दिसला तर भाव करत बसू नका, उठून या. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या असतील तर कॅमेरा आधी कुणीतरी उघडलाय.

लेन्सला मागून मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की फंगस. ताजी असेल तर साफ होते, कोटिंग खाल्लं असेल तर डाग जात नाही.

आणि नव्याची वॉरंटी कारखान्यातल्या दोषाला असते. पडणं, पाणी, बुरशी तिच्यात येत नाही, आणि आपल्या कोकणात कॅमेरे बिघडतात ते बहुतेक यांनीच. नवा घेतलात तरी एअरटाइट डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता मोजायचं छोटं मीटर लागणारच. ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा.

घाटमाथा: काकांशी सहमत. दोन चाचण्या आणखी करा. शटर १/८००० सेकंदावर ठेवून आकाशाचा फोटो काढा. कडेला काळी पट्टी आली तर शटर थकलंय. मग एफ/२२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, तेच करा, सेन्सरवरचे डाग उठून दिसतात. पकडीचं रबर फुगलंय का तेही बघा, या मालिकेत ते होतं. बॉडी मात्र उत्तम. आत फोकसची मोटर आहे, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सही ऑटोफोकस करतात. निकॉनच्याच डी५६०० मध्ये ती सोय नाही.

रानपाखरू: काका, आज पाहून आलो. पूर आला तेव्हा ते कुटुंब पुण्यात राहत होतं, कॅमेराही तिथेच. पट्ट्या स्वच्छ, काळी पट्टी नाही. लेन्समध्ये मात्र कडेला तंतू आहेत. शटरचा पार्ट मिळतो, एस्टिमेट ११ हजार. नुसती बॉडी २७ हजारांना देतो म्हणाले.

जुना स्टुडिओ: मग लेन्स सोडा. पक्ष्यांना १४० तशीही अपुरी पडते. वापरलेली एएफ-एस ७०-३०० व्हीआर शोधा, तिलाही टॉर्च मारा. बॉडीसाठी २७ मधून साडेपाच वजा करून साडेएकवीस सांगा, फार तर २३ पर्यंत जा. पटलं तर पावतीवर सीरियल नंबर लिहून सही घ्या. मूळ बिल असेल तर तेही मागा.