ऑस्टर्लीचा उघडा चौक
अठराव्या शतकातला वास्तुरचनाकार रॉबर्ट अ‍ॅडम याने ऑस्टर्ली पार्क या हवेलीचं मूळ घर पुसून टाकलं, असं काहींचं मत आहे; ते मला पटत नाही. लंडनच्या पश्चिमेचं हे घर १५७०च्या दशकात टॉमस ग्रेशॅम या सावकारासाठी बांधलेलं. १७६१ साली चाइल्ड या सराफी पेढीवाल्या घराण्याने अ‍ॅडमला बोलावलं, तेव्हा मधला चौक आणि कोपऱ्यांतले बुरूज त्याला आयते मिळाले आणि त्याने ते ठेवले. बाहेरून घर आजही लाल विटेचं दिसतं.

खरी करामत दर्शनी बाजूची. तिथे त्याने आयोनिक (म्हणजे माथ्यावर गुंडाळीसारखी वळणं असलेल्या, ग्रीक धाटणीच्या) खांबांची दुहेरी रांग आणि वर त्रिकोणी शिखर उभं केलं. रुंद पायऱ्या चढून खांबांमधून आत आलं की आपण थेट उघड्या चौकात. चौकाची पातळी मुख्य मजल्याइतकी, म्हणून पलीकडच्या दिवाणखान्यात शिरताना पुन्हा चढ नाही. जुन्या चौकाचं असं प्रवेशद्वार करणं मला फार सुंदर वाटतं.

दिवाणखान्यात छताच्या गिलाव्यातली नक्षी खालच्या संगमरवरी फरशीतही उमटते. फोटोत हे नीट कळत नाही, तिथे उभं राहून आधी वर आणि मग खाली बघायला हवं.