मदत हवी आहे: मुलांना आधुनिक शिल्पांचे प्रदर्शन कसे दाखवावे? (पणजी)

फोंडेकरीण

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो. त्यात आधुनिक शिल्पे आणि मांडणशिल्पे (म्हणजे वस्तू मांडून जागाच कलाकृती केलेली, इन्स्टॉलेशन) पाहायला मिळतात. यंदा मुलांना घेऊन जायचे मनात आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. बरोबर सासूबाईही येतील.

मुलीला प्रत्येक गोष्टीचा अर्थ हवा असतो. देवळातली मूर्ती तिला लगेच कळते: हा देव कोण, हातात काय, पायाशी कोण बसलंय. पण गंजलेले पत्रे जोडून उभे केलेले काही दिसले की "आई, हे काय आहे?" असे विचारते, आणि माझ्याकडे उत्तर नसते. मुलाचे सगळे पाहणे हातांनी. समोर दगड असो, दोरी असो, काच असो, त्याला चाचपल्याशिवाय चैन पडत नाही.

आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला वर्षानुवर्षे फळांची टोपली आणि सूर्योदय एवढेच होते. त्यामुळे मोठेपणी अशा कलाकृतीसमोर उभे राहिले की परीक्षेला बसल्यासारखे वाटते. मुलांना तसे वाटू नये एवढीच इच्छा आहे. जाण्याआधी काय तयारी करावी, तिथे काय बोलावे, मुलाचे हात कसे आवरावेत? नग्न शिल्प समोर आले तर सासूबाईंसमोर मुलांना काय सांगावे, हाही एक प्रश्न आहे. अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावे.

म्हापशेकर

आधी व्यवहाराचे. महोत्सवाला प्रवेश विनामूल्य असतो, पण नाव आधी नोंदवावे लागते. संध्याकाळी गर्दी होते आणि लहान मुलाला गुडघ्यांशिवाय काही दिसत नाही. सकाळी उघडल्या उघडल्या जा. फोंड्याहून कदंबाच्या बसने आलात तर गाडी लावायची कटकटही वाचेल. पाच वर्षांचा मुलगा तासाभरापेक्षा जास्त टिकत नाही, म्हणून एका दिवसात एकच इमारत घ्या. जुन्या जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीत काही असेल तर तिथूनच सुरुवात करा.

चिकणमाती

ताई, मी बरीच वर्षे मुलांना चित्रकला शिकवते, म्हणून थोडे लांब लिहिते.

"हे काय आहे?" या प्रश्नाच्या मागे लागू नका. त्याऐवजी "हे उभं कसं राहिलंय?" असे विचारा. आपल्या मुलांना हा प्रश्न परका नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर नरकासुराचा पुतळा उभा राहतो, तो बनताना त्यांनी पाहिलेला असतो. आधी सळ्यांचा किंवा बांबूचा सांगाडा, मग गवत, मग कागद, शेवटी मुखवटा. हात पुढे काढला की तो खाली येऊ नये म्हणून आतून आधार द्यावा लागतो, हे वाड्यावरच्या दहा वर्षांच्या पोराला ठाऊक असते. शिल्पकारही याच अडचणीशी झगडतो: वजन कुठे पडतंय, आत सांगाडा आहे की सगळं भरीव आहे, दोन तुकडे वितळवून जोडलेत की बोल्टने आवळलेत. मुलगी या बाजूने पाहू लागली की अर्थाचा हट्ट आपोआप सैल होतो, कारण तिला स्वतःला शोधता येईल असे काहीतरी हाताशी आलेले असते.

दुसरे, फिरून पाहायला लावा. चित्राला पाठ नसते, शिल्पाला असते. बहुतेक माणसे समोरून फोटो काढून पुढे जातात. मुलांना सांगा, मागून काय दिसतं ते मला येऊन सांग. तुम्हीही एकदा गुडघ्यावर बसून त्यांच्या उंचीवरून पाहा. शिल्पाला भोक असेल तर त्यातून पलीकडचे काय दिसते ते विचारा. हेन्री मूर आणि बार्बरा हेपवर्थ या ब्रिटिश शिल्पकारांनी 1930 च्या दशकात शिल्पाला आरपार भोके पाडली, तेव्हा ती रिकामी जागाही शिल्पाचाच भाग झाली. मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही, ती आधीच त्या भोकातून डोकावत असतात.

मुलीला ब्रांकुशी या शिल्पकाराच्या पक्ष्याची गोष्ट नक्की सांगा. 1926 मध्ये त्याचे पितळेसारखे चकाकणारे ब्राँझचे शिल्प न्यूयॉर्कला पोचले. त्याला पंख नाहीत, चोच नाही, नुसती वर झेपावणारी एक निमुळती रेघ. कलाकृतीवर जकात नव्हती. पण जकात अधिकाऱ्यांनी हे शिल्पच नव्हे असे ठरवून स्वयंपाकघरातल्या आणि दवाखान्यातल्या वस्तूंच्या यादीत घातले आणि 40 टक्के जकात लावली. प्रकरण कोर्टात गेले. 1928 मध्ये निकाल लागला की ही कलाकृतीच आहे. एवढे सांगून थांबा आणि मुलीला विचारा, तू न्यायाधीश असतीस तर काय म्हणाली असतीस?

पाच वर्षांच्या मुलासाठी वस्तू ओळखण्याचा खेळ उत्तम. पिकासोने 1942 मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके केले. सुबोध गुप्ता स्टीलच्या भांड्यांची प्रचंड शिल्पे करतात. त्याला दोन फोटो दाखवून न्या, मग तिथे गेल्यावर तो स्वतःच शोधत सुटेल.

जुना पणजीकर

हात लावण्याबद्दल. "लावू नकोस" म्हटले की मुलाला ती नुसती दटावणी वाटते. कारण सांगा. आपल्या घामात मीठ असते, त्वचेवर तेल असते. उघड्या लोखंडावर बोटाचा ठसा राहिला तर तिथेच गंज धरतो, संगमरवर तेल शोषून घेतो, आणि ब्राँझवरचा मुद्दाम आणलेला रंग पुसट होत जातो. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत तर हे आणखी लवकर होते. हे कळल्यावर माझा नातू दुसऱ्यांना टोकायला लागला. काही मांडणशिल्पांत मात्र प्रेक्षकाने हात लावणे, आत शिरणे अपेक्षितच असते. तिथल्या स्वयंसेवकाला मुलानेच जाऊन विचारावे, "याला हात लावू का?" घरी परतल्यावर चिकणमातीचा गोळा हातात द्या, म्हणजे दिवसभर आवरलेले हात मोकळे होतील.

पणजीत आलाच आहात तर जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियाचा पुतळा चुकवू नका. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला, 1945 सालचा. कांदोळीत 1756 मध्ये जन्मलेला हा माणूस संमोहनविद्येसाठी प्रसिद्ध झाला. हात पुढे करून तो उभा आहे आणि समोरची बाई कोसळते आहे. "तो तिला पाडतोय की सावरतोय?" यावर आमच्या घरात भावंडांची भांडणे झाली आहेत. अमूर्त शिल्पांकडे जाण्याआधी ही उत्तम सुरुवात आहे.

सांजवात

चिकणमाती यांचे पटले, पण एका गोष्टीत माझे मत वेगळे आहे. अर्थ अजिबात सांगायचा नाही हे मला योग्य वाटत नाही. आधुनिक कलेत कलाकाराला काही ठामपणे म्हणायचे असते. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत सुबोध केरकरांचे म्युझियम ऑफ गोवा आहे, 2015 मध्ये सुरू झालेले. डॉक्टरकी सोडून कलेकडे वळलेले केरकर गोव्याचा इतिहास, समुद्र, होड्या, शिंपले यांवर काम करतात. गोव्यात पोर्तुगीज आले, मिरची आली, हे मुलांना ठाऊक नसेल तर तिथले निम्मे पाहणे हुकते.

चिकणमाती

मान्य. फक्त क्रम बदला. आधी मुलांनी पाहावे, बोलावे, मग फलक वाचावा. फलक आधी वाचला की मुले शिल्पाकडे न बघता तुमच्या तोंडाकडे बघतात.

नग्नतेबद्दल: मुलांना त्याचे काही वाटत नाही, अवघडतो आपण. "शरीर कसं वळतं, ताणतं, ते शिल्पकाराला दाखवायचं होतं" एवढे सरळ सांगा आणि पुढे चला. सासूबाईंशी आदल्या दिवशी घरीच बोलून ठेवा. जुन्या देवळांवरची शिल्पे त्यांनी पाहिली असतीलच.

फोंडेकरीण

सर्वांचे मनापासून आभार. "उभं कसं राहिलंय" हा प्रश्न मुलीला कालच विचारला. आमच्या वाड्यावरच्या नरकासुराच्या हाताला मागून दोरी होती, हे तिने मलाच सांगितले. मला ते माहीतही नव्हते.

डिसेंबरआधी एक छोटी सहल करून पाहावी म्हणते. लोटलीला बिग फूट या संग्रहालयात महेंद्र आल्वारीस यांनी जांभ्या दगडात कोरलेली आडवी संत मीराबाई आहे ना, 1994 ची? बोरीचा पूल ओलांडला की आम्हाला ती जवळच पडते. ती मुलांना आवडेल का?

जुना पणजीकर

नक्की न्या. 14 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद आहे. जवळ उभे राहिले की सबंध दिसत नाही, थोडे उंचावरून पाहावी लागते. मुलांना आधी खाली उभे करून "हे काय असेल" असा अंदाज बांधू द्या, मग वर न्या. पाऊस नुकताच थांबला असेल तर जांभ्यावर शेवाळ असते, पायात चांगल्या चपला असू द्या.