शब्दचर्चा : 'विषयातून सूट' की 'पूर्वीचे शिक्षण ग्राह्य'?

प्रश्न (लातूर, परिचर्या शिक्षिका)

जी.एन.एम. (सामान्य परिचर्या व प्रसूतिसाहाय्याची पदविका) होऊन आमच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलींसाठी मी एक छोटी मराठी माहितीपुस्तिका लिहीत आहे. परदेशातील काही विद्यापीठे प्रसूतिसाहाय्याच्या ('मिडवायफरी'च्या) पदवी अभ्यासक्रमात अर्जदाराने आधी शिकलेले विषय तपासतात आणि ते पटले तर पुन्हा घ्यायला लावत नाहीत. त्यांच्या नियमपत्रकांत यासाठी 'एक्झम्प्शन' आणि 'प्रायर लर्निंग' असे दोन शब्द येतात. पहिल्या खर्ड्यात मी 'पूर्वज्ञानाबद्दल विषयांतून सूट' असे लिहिले. प्रसूतिकक्षात नऊ वर्षे काढलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने तो वाचला आणि म्हणाली, "मॅडम, सूट म्हटलं की काहीतरी कमी करून दिल्यासारखं वाटतं. मी तर जास्तीचं करून आलेय." तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. 'माफी', 'सवलत', 'मुभा' हे शब्दही घालून पाहिले, पण एकही नीट बसेना. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (नांदेड, निवृत्त कार्यालय अधीक्षक)

ताई, आपल्या विद्यार्थिनीचा कान चांगला आहे. आपण दिलेल्या शब्दांपैकी 'माफी' आधी बाजूला काढावा, कारण माफीला काहीतरी देणे किंवा काहीतरी चूक लागते. सारा माफ होतो, दंड माफ होतो, गुन्हा माफ होतो. आपल्या मराठवाड्यात तरी हे वेगळे सांगायला नको. शेतकरी चळवळीतल्या लोकांनी 'कर्जमाफी' या शब्दालाच हरकत घेतली होती. आम्ही गुन्हा कोणता केला की माफी मागावी, असा त्यांचा सवाल होता आणि म्हणून त्यांना 'कर्जमुक्ती' हा शब्द हवा होता. राज्याच्या २०१९ च्या योजनेच्या नावातही पुढे 'कर्जमुक्ती' हाच शब्द आला. ज्या परिचारिकेने शरीररचनाशास्त्राचा विषय एकदा अभ्यासून उत्तीर्ण केला आहे, तिला तो 'माफ' झाला असे म्हणणे म्हणजे तिने तो न शिकताच सोडून दिला असे सुचवणे होय.

'सवलत' हा मूळ अरबी 'सहूलत', म्हणजे सोय. सवलत दुसऱ्याच्या गरजेकडे किंवा वयाकडे पाहून दिली जाते, त्याच्या पात्रतेकडे पाहून नव्हे, एस.टी.चे अर्धे तिकीट ही सवलत आहे. 'मुभा' हाही अरबीतून आलेला, 'मुबाह' म्हणजे ज्याला मनाई नाही ते. मुभा असली म्हणजे तसे करावे किंवा करू नये, दोन्ही चालते. पुस्तिकेत तो एखाद्या वेळी उपयोगी पडेल, पण मथळ्यात नको.

आता 'सूट'. हा शब्द वाईट नाही, फक्त दुकानदारांनी तो वापरून वापरून बोथट केला. दसरा-दिवाळीत कापडाच्या दुकानावर 'भव्य सूट' वाचलेला माणूस 'विषयात सूट' वाचून दोन विषय स्वस्तात मिळाले असेच समजणार. इथे एक बारीक भेद आहे आणि तो सांभाळावा. 'विषयात सूट' म्हणजे विषय थोडा हलका केला, 'विषयातून सूट' म्हणजे विषयाच्या बंधनातून बाहेर काढले. करातून सूट, हजेरीतून सूट, अशी कायद्याच्या मराठीतली वाक्यरचना पाहावी. आपण 'विषयांतून' लिहिले आहे ते बरोबर आहे. मुद्रणाच्या वेळी तो 'तून' गळणार नाही एवढे पाहावे.

तरीही आपले मूळ दुखणे उरतेच, कारण 'सूट' हा शब्द परिणाम सांगतो आणि कारण गिळतो. कारण सांगणारा शब्द आपल्या कचेऱ्यांत केव्हापासून आहे : ग्राह्य धरणे. आधीच्या संस्थेतील सेवा निवृत्तिवेतनासाठी ग्राह्य धरावी, असे किती अर्ज माझ्या टेबलावरून गेले असतील याची गणती नाही. त्या अर्जदारांपैकी कुणालाच आपण काही फुकट मागतो आहोत असे वाटत नसे. केलेले काम हिशेबात यावे, इतकेच त्यांचे मागणे असे. 'जमेस धरणे' हा त्याचाच घरगुती भाऊ. म्हणून वाक्य असे करावे : 'पूर्वीचे शिक्षण ग्राह्य धरून त्या विषयातून सूट दिली जाते.' धरणे आधी, सूट नंतर.

प्रतिसाद (परभणी, शिक्षक)

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. मात्र 'पूर्वज्ञान' हा शब्द टाळावा. ज्यांनी डी.एड., बी.एड. केले आहे त्यांच्या डोळ्यांपुढे तो शब्द वाचताच पाठ टाचणातला रकाना उभा राहतो : मुलांना अपूर्णांक माहीत आहेत, म्हणून आज दशांश शिकवायचे. ते पूर्वज्ञान शिक्षकाने गृहीत धरलेले असते, कोणी तपासलेले नसते. विद्यापीठ नेमके गृहीत धरायला तयार नसते. त्याला पुरावा हवा असतो. 'गृहीत' आणि 'ग्राह्य' हे एकाच धातूचे शब्द असले, तरी अर्थाने एकमेकांच्या उलट तोंडाला उभे आहेत. 'पूर्वाध्ययन' हा शब्द चालेल. 'अध्ययन निष्पत्ती' (मुलांना शिकून काय यायला हवे ते) हा शब्द शाळांत रुळल्यामुळे 'अध्ययन' आता कुणाला जड वाटत नाही, आणि 'पूर्वशिक्षण' म्हटल्यावर केवळ वर्गातले शिक्षण डोळ्यांपुढे येते, ती अडचणही टळते.

प्रतिसाद (अंबाजोगाई, अधिपरिचारिका)

मॅडम, नमस्कार. शब्दांवर अधिकाराने बोलण्याइतके माझे वाचन नाही, पण या 'सूट'वरून एक आठवले. आमच्याकडे खेड्यातली म्हातारी माणसे 'डिलिव्हरी झाली' असे अजूनही म्हणत नाहीत. 'बाई मोकळी झाली', 'सुखरूप सुटका झाली' असेच म्हणतात. ज्या 'सुटणे'तून ही सुटका आली त्यातूनच आपली सूट आली. कळा सोसल्याशिवाय कुणाची सुटका होत नाही, त्यामुळे मला तरी हा शब्द फुकटातला वाटत नाही.

पण शब्द कोणताही घ्या, पुस्तिकेत एक गोष्ट ठळक लिहा. सूट बहुतेक वेळा पुस्तकी विषयांतून मिळते, हाताच्या कामातून नाही. युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशानुसार प्रसाविका (मिडवाइफ) होण्यासाठी किमान ४० प्रसूती स्वतः कराव्या लागतात. प्रसूतिगृहात पुरेशा स्त्रिया नसतील तर ३० कराव्या लागतात आणि आणखी २० प्रसूतींत मदत करावी लागते. परिचारिकेसाठी तिथला शिक्षणाचा काळ तीन वर्षांवरून कमी होतो, पण ही संख्या कमी होत नाही. ब्रिटनच्या परिचर्या व प्रसूतिसाहाय्य परिषदेने तर २०१९ च्या मानकांत प्रसाविकांच्या नोंदणीपूर्व अभ्यासक्रमासाठी पूर्वीचे शिक्षण ग्राह्य धरण्यासच मनाई केली आहे. नोंदणीकृत परिचारिकांसाठी तिथे आखूड अभ्यासक्रम आहे, पण तो वेगळा आणि स्वतंत्र आहे. 'परदेशात सूट मिळते' एवढे एकच वाक्य वाचून आपल्या मुली पासपोर्ट काढायला निघतील, म्हणून हे लिहिले.

आपल्याकडेही ही कल्पना नवी नाही, फक्त तिला हे नाव नाही. बारावीनंतरची बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची आणि जी.एन.एम. झालेल्यांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांची. गेलेली दोन वर्षे कुठे गेली? ती जमेसच धरली ना! केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसूतिसाहाय्याचे धोरण आणले, त्यातही नर्सिंग झालेल्यांसाठीच १८ महिन्यांचे प्रशिक्षण ठेवले. आम्ही याला कधी सूट म्हटले नाही.

पुन्हा (लातूर, परिचर्या शिक्षिका)

सर्वांचे मनापासून आभार. अधिपरिचारिका भगिनींनी केलेली सूचना पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर घेत आहे. एक शंका मात्र उरते. काही विद्यापीठांत 'एक्झम्प्शन' मिळाले तरी एकूण श्रेयांक (क्रेडिट) कमी होत नाहीत. तो विषय सुटतो, पण त्याच्या जागी दुसरा घ्यावा लागतो. काही ठिकाणी मात्र जुने श्रेयांकच खात्यावर जमा होतात आणि अभ्यासक्रम तेवढा आखूड होतो. दोन्हींना एकच शब्द वापरला, तर मुली फीचा हिशेब चुकतील.

प्रतिसाद (नांदेड, निवृत्त कार्यालय अधीक्षक)

तर मग दोन वेगळे शब्द करावेत. पहिल्यासाठी 'विषयातून सूट', दुसऱ्यासाठी 'श्रेयांक जमा'. हिशेबाच्या वहीत जमा आणि सूट हे रकाने कोणी एक करीत नाही, इथेही करू नयेत. पहिल्या शब्दापुढे कंसात 'बदली विषय घ्यावा लागेल' असे प्रत्येक वेळी छापावे. पुनरुक्ती झाली तरी चालेल. नियमपत्रकात पुनरुक्ती हा दोष नव्हे.

प्रतिसाद (परभणी, शिक्षक)

विषयाला थोडे सोडून विचारतो. माझ्या आजीच्या गावी एक सुईण होत्या. निम्मे गाव त्यांच्या हातावर जन्मले. 'हाताला गुण आहे' असे लोक म्हणत. त्यांना येत होते त्याला पूर्वाध्ययन म्हणायचे का?

पुन्हा (लातूर, परिचर्या शिक्षिका)

सर, म्हणायला हरकत नाही. ते अध्ययनच होते आणि वर्गाबाहेरचे होते. मात्र ते ग्राह्य धरायला कागद लागतो आणि त्यांच्यापाशी तो नव्हता. 'अवगत' हा शब्द त्यांना लागू पडतो, 'ग्राह्य' पडत नाही. पुस्तिकेत हे दोन्ही शब्द याच फरकाने वापरीन : उमेदवाराला जे अवगत आहे त्यापैकी जेवढ्याचे गुणपत्रक, अभ्यासक्रमाचा तपशील आणि तासांचा दाखला जोडता येईल, तेवढेच विद्यापीठ ग्राह्य धरेल. माझ्या विद्यार्थिनीला हे वाक्य वाचून दाखवले. तिने लगेच विचारले, "नऊ वर्षांच्या रात्रपाळीचा दाखला कोण देणार?" तो तिच्या रुग्णालयाकडून घ्यावा लागेल, हेही आता पुस्तिकेत घालत आहे.