ट्रेकला एका पायावर तयार, पण गडावरच्या श्रमदानाला येत नाही. मित्राला कसं पटवू?

मंडळी, जरा सल्ला हवाय.

आम्ही काही जण रविवारी पुण्याजवळच्या एका छोट्या गडावर श्रमदानाला जातो. वनखात्याची परवानगी घेतलेली आहे. सध्या कातळातल्या टाक्यातला गाळ काढतोय. वर सुकून तडकलेला थर, खाली काळा चिकट चिखल, त्यात पाण्याच्या बाटल्या नि गुटख्याच्या पुड्या. दोघं आत उतरून घमेली भरतात, बाकीचे साखळी करून वर देतात. माणसं कमी पडली की साखळी मोडते आणि भरलेलं घमेलं घेऊन ज्याला त्याला पायऱ्या चढाव्या लागतात. पाऊस सुरू झाला की टाकं भरणार, मग काम थेट पुढच्या उन्हाळ्यात.

माझा जिवलग मित्र पक्का गडवेडा. कुठल्या गडाचा चोरदरवाजा कुठं, झोपेतून उठवून विचारा. श्रमदान म्हटलं की मात्र काहीतरी निघतंच.

आधी म्हणाला, "किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, आता सरकार बघेल." अरे, २०२५ मध्ये गेले ते १२, त्यातला जिंजी तमिळनाडूत. उरलेल्या शेकडो गडांचं काय? आमचा गड तर संरक्षित स्मारकही नाही. यावर गप्प बसला, पण आला नाही.

दुसरं कारण मात्र मला खोडता येत नाही. मागे तो एका ग्रुपबरोबर गेला होता. आधी बॅनर धरून फोटो, मग भाषण, मग तटाच्या सांध्यांत भसाभस सिमेंट. चुन्याच्या जुन्या बांधकामात सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि दगड झिजतो. तो सिव्हिलवाला, त्याचं डोकंच फिरलं. तेव्हापासून "हौशी लोकांनी हात न लावलेला बरा" हे पालुपद.

आम्ही बांधकामाला हात लावत नाही. गाळ, प्लास्टिक आणि वाटेवरचं रान, एवढंच. गाळात खापरं वगैरे दिसली तर थांबायचं आणि पुरातत्त्व विभागाला कळवायचं, असं ठरलंय. हेही सांगून झालं.

बायको म्हणते, त्याला घमेलं नको, टेप दे. टाक्याची मोजमापं घेऊन नकाशा काढू दे. पटतंय, पण त्याला हे गोड बोलून गळाला लावणं वाटेल का? की आधी नुसतं बघायला न्यावं? अशा मित्राला कुणी आणलं असेल तर नेमकं काय केलंत ते सांगा. "मावळा असशील तर ये" छापाचे डायलॉग नकोत, तो आणखी बिथरेल. मे संपायच्या आत जमलं तर बरं.